सावळाईचा रंग

निवृत्त झाल्यापासून लोक मला मोठमोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मीही रंगवून सांगतो, कारण ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. पण घरात कोणी तांब्याचा गडू चिंच लावून घासायला बसलं, की ते सगळे दरोडे आणि खून बाजूला राहतात आणि माझं मन घनसावंगी तालुक्यातल्या एका लहानशा गावात जाऊन बसतं. त्या प्रकरणात ना कोणी पळालं, ना कोणाला बेड्या पडल्या. तरीही माझ्या नोकरीतलं सगळ्यात लाडकं प्रकरण कोणतं, असं विचारलंत तर मी हेच सांगेन. कोणाचं नाव मात्र घेणार नाही. गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारं आहे, एवढं पुरे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि त्या भागातल्या ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. नवरात्र तोंडावर आलं होतं. अशा दिवसांत ठाण्यात माणसाला धड चहा पिता येत नाही. शांतता समितीची बैठक, मंडळांचे परवाने, लाउडस्पीकरचा आवाज किती यावरून रोजची हुज्जत, त्यात सोयाबीनची काढणी चालू असल्यामुळे खळ्यावरून पोती गेल्याच्या तक्रारी. त्या गर्दीत फोन वाजला. आमच्या हवालदारांनी तो घेतला, जरा वेळ ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "साहेब, देवी बदलली म्हणतेत."

"कुठं बदलली? आणि ऑर्डर कोणी काढली?" मी म्हटलं. खात्यात राहून माणसाला बदली म्हटलं की एकच गोष्ट सुचते.

हवालदार हसले नाहीत. त्यावरून मी ओळखलं की मामला साधा नाही.

गावात पोचलो तेव्हा देवळासमोर सगळं गाव जमलेलं होतं आणि निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल होते. ही देवी गावात सावळाई म्हणून ओळखली जाते. मूर्ती अशी नाही. तांब्याच्या पत्र्याचा ठोकून घडवलेला मुखवटा आहे. तो लाकडी खुंटावर बसवतात आणि खाली साडी नेसवतात. मुखवटा काळासावळा, अगदी जुन्या तव्याच्या रंगाचा. तिचं नावच त्या रंगावरून पडलेलं. तिला चिंच किंवा राख कधी लावायची नाही, फक्त तेलाच्या फडक्यानं पुसायचं, असा नेम. त्यामुळे त्या रंगाखाली काय आहे ते जिवंत माणसांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

पूजेचा मान एका गुरव घराण्यात आहे. दोन भाऊ, एकेका वर्षाची पाळी. नवरात्राआधी पाळी बदलते तेव्हा देवीची साडी, दागिने, मळवट सगळं उतरवतात आणि गावासमोर मुखवटा एका घराकडून दुसऱ्या घराच्या हवाली करतात. सरलेलं वर्ष धाकट्याचं होतं. धाकटा भाऊ एसटीत ड्रायव्हर, जाफराबादला असायचा, सुटीला तेवढा यायचा. म्हणजे पाळी खरी चालवली ती त्याच्या बायकोनं. त्या सकाळी तिनं मुखवटा आणून चौरंगावर ठेवला, मळवट धुतला गेला, आणि थोरल्या जावेच्या तोंडून किंकाळी निघाली. सावळाई सावळी राहिलीच नव्हती. मुखवटा गुलाबी, लखलखीत, दुकानातून आजच आणल्यासारखा दिसत होता.

थोरला भाऊ पन्नाशीच्या पुढचा, काटक माणूस. मला वाटलं होतं हा आरडाओरडा करील. पण तो हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, ही आमची न्हाई," तो म्हणाला. "मपल्या बापानं, आज्यानं जी पुजली ती कुठं गेली ते तेवढं सांगा. बाकी मला कोणाचं काई नको."

मला त्या माणसाची दया आली. जमिनीसाठी भांडणारे भाऊ मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या डोळ्यांत हिशेब दिसतो. ह्याच्या डोळ्यांत घरातलं माणूस हरवल्याचं दुःख होतं.

एवढ्यात गर्दीतून दुसरी खबर आली. एका दुकानदारानं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की श्रावणात धाकट्या जावेला त्यानं कुंभार पिंपळगावच्या बाजारात पाहिलं होतं. फडक्यात काहीतरी गुंडाळून ती सोनाराच्या दुकानात शिरत होती. म्हणजे गावाच्या दृष्टीनं गोष्ट पूर्ण झाली. जुना मुखवटा विकला, नवा करून बसवला, चोर घरातलाच. आता पोलिसांनी फक्त घेऊन जायचं.

लेखी अर्ज आला. मी तो घेतला, पण गुन्हा लगेच दाखल केला नाही, प्राथमिक चौकशीत ठेवला. ह्यावर गाव खवळलं. तेव्हा मी सरपंचांना आणि थोरल्या भावाला समजावून सांगितलं, की गुन्हा दाखल झाला म्हणजे हा मुखवटा मुद्देमाल. मग तो सीलबंद होऊन ठाण्यात जाणार, आणि कोर्ट सोडील तेव्हा सुटणार. तुमचे घट रिकाम्या खुंटासमोर बसवायचे आहेत का? ते ऐकून सरपंचांनीच लोकांना मागे सारलं. घटस्थापनेच्या आत मी खरं काय ते शोधून देतो, असा शब्द दिला. मुखवटा गाभाऱ्यातच ठेवून दाराला दोन कुलपं लावली, एकाची किल्ली थोरल्याकडे आणि दुसरी माझ्याकडे.

धाकट्या जावेचा जबाब मी ठाण्यात न घेता देवळाच्या सभामंडपातच घेतला. बरोबर आमच्या महिला कॉन्स्टेबल होत्या. बाईमाणसाला ठाण्याची पायरी चढायला लावली, की ती निर्दोष सुटली तरी गाव ते विसरत नाही. बाई तिशीच्या आतबाहेरची, अंगानं किरकोळ, पदर घट्ट धरून खांबाला टेकून बसलेली. पलीकडे ओट्यावर तिची सासू वाती वळत बसली होती. म्हातारीची नजर जवळजवळ गेलेली होती, पण बोटं झरझर चालत होती.

"ताई, देवीचा रंग कसा बदलला?" मी विचारलं.

"म्या घासली."

"कशानं?"

"चिंचेनं."

थोरला भाऊ दारातच उभा होता. "सावळाईला चिंच?" तो एवढंच म्हणाला, माझ्याकडून दुसरं कुलूप उघडून घेतलं आणि आत गेला. बाहेर आला तो देवीच्या पादुका घेऊन. मुखवट्याबरोबरच त्याच तांब्यातून घडवलेल्या, तशाच काळ्या. "साहेब, ह्या घासून बघा. बिलकुल कमी करू नका, चांगल्या हात भरून घासा."

नेमाचा एवढा पक्का माणूस स्वतःहून पादुकांना चिंच लावायला सांगत होता, यावरून त्याचं मन किती पोळलं असेल ते कळावं. आमच्या कॉन्स्टेबलबाईंनी बाह्या सारल्या आणि घासघास घासल्या. तपकिरी पाणी निघालं, एका कडेला जरासा तांबूस डाग पडला, बाकी पादुका होत्या तशाच. पिढ्यान् पिढ्यांचं तेल आणि धूर त्यावर चढून कातडी झालेली होती. चिंच तिला दाद देईना. म्हणजे धाकटी खोटं बोलत होती.

सोनारानंही फार मदत केली नाही. घाबरट, भला माणूस. म्हणाला, "बाई मुखवटा घेऊन आल्त्या खरं. चांदीचे डोळे निखळून हातात व्हते, ते लाखेवर बसवून मागितले. म्या बसवून दिले. मुखवटा तवाच असा गुलाबी व्हता. नवा केला का म्हणून इचारलं तर रडाया लागल्या. मंग म्या काई इचारलंच न्हाई साहेब, कोणाच्या घरातलं आपण काहून इचारावं?"

आता इथे मला नोकरीनं शिकवलेली एक गोष्ट सांगतो. स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतो. आपलं नाणं चाललं की नाही ते त्याला बघायचं असतं. धाकटी जाऊ एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. प्रत्येक उत्तर दिल्यावर तिची नजर ओट्याकडे जायची, वाती वळणाऱ्या म्हातारीकडे. जणू आपलं बोलणं तिकडे ऐकू गेलं की काय, एवढीच तिला धास्ती.

मी पंच बोलावून गाभाऱ्याचा पंचनामा सुरू केला. पंचनामा करताना माझी एक खोड होती. मोठ्या वस्तू हवालदारांवर सोपवायच्या आणि आपण कोपरे, फटी, मोऱ्या बघायच्या. लोक खोली झाडतात, पण मोरी कोणी झाडत नाही. गाभाऱ्यात दोन गोष्टी दिसल्या. मुखवट्याचा खुंट जुन्या देवळात शोभेल असा जुना नव्हता. ताज्या कडुनिंबाचा होता, अजून वास येत होता. आणि अभिषेकाचं पाणी बाहेर जायच्या पन्हाळीत गाळ साचला होता, त्यात काळ्या पापुद्र्यांचा चुरा होता. मी एक पापुद्रा बोटावर घेतला. कागदासारखा पातळ, वरून काळा कुळकुळीत, खालून लालसर. बोटानं दाबला तर कडकन मोडला. हवालदार म्हणाले, "काजळी असंल साहेब." पण काजळी चोळली की पसरते. हा मोडत होता.

असला पापुद्रा मी पाहिला होता. जालन्यात नोकरी केलेल्या पोलिसानं रोलिंग मिल पाहिली नाही असं होत नाही. एकदा कामगारांच्या वादात एमआयडीसीत बंदोबस्ताला होतो. तिथे लालभडक लोखंडाचे ठोकळे भट्टीतून बाहेर येताना, त्यांच्यावर पाणी पडलं की अंगावरून असेच पापुद्रे तडातड उडायचे आणि खाली काळा खच पडायचा. मी ते पापुद्रे एका रिकाम्या काडेपेटीत भरले, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि जालन्याला गुन्हे आढावा बैठकीसाठी जायचंच होतं तेव्हा ती काडेपेटी खिशात घातली.

बैठकीत साहेबांकडून प्रलंबित प्रकरणांवरून रीतसर बोलणी खाल्ली आणि तिथून ओळखीच्या एका मिलमध्ये गेलो. तिथल्या प्रयोगशाळेत एक तरुण केमिस्टबाई होत्या. पोलीस दिसला म्हणजे माणसं दचकतात. ह्या बाईंनी आधी काडेपेटी हिसकावल्यासारखी घेतली आणि भिंगाखाली धरली.

"सर, हे लोखंडाचं नाही. ही लाल झाक बघा. तांब्यावरचं आहे," त्या म्हणाल्या. मग मला एका स्टुलावर बसवून त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.

त्या म्हणाल्या, "तांबं घासलं की आपल्याला वाटतं ते उघडं झालं. पण ते उघडं राहतच नाही. हवेतला प्राणवायू लगेच त्याला भिडतो आणि वर एक थर बनतो, ऑक्साइडचा. इतका पातळ, की डोळ्याला दिसायचा नाही. मग गंमत अशी, की तो थरच आडवा येतो. पुढचा प्राणवायू आत जायचा तर त्या थरातून जायला लागतं. म्हणून वाढ सावकाश होत जाते. तुमच्या घरचा गडू मळकट होतो, तपकिरी होतो, पण लोखंडासारखा खात जात नाही. तो थर त्याला सांभाळतो."

"आणि हे असं जाड पापुद्र्यासारखं?"

"त्याला आच पाहिजे, सर. बराबर तापलं पाहिजे."

त्यांनी तांब्याच्या पट्टीचा एक तुकडा घेतला, पॉलिश पेपरनं घासून गुलाबी केला आणि बर्नरवर धरला. माझ्या वयाच्या माणसानं इतकं हरखून जाणं बरं नाही, पण मी हरखलो. आधी पट्टीवर नारिंगी छटा आली, मग जांभळी, मग निळसर चमक पळाली, साबणाच्या फुग्यावर दिसते ना, तशी. बाई म्हणाल्या, ह्यात रंगाचा थेंबही नाही, थर जसजसा वाढतो तसतसा उजेड त्यातून वेगळा परततो, म्हणून वेगवेगळे रंग दिसतात. थर आणखी जाड झाला तसे रंग गेले आणि पट्टी काळी पडली. मग त्यांनी ती पाण्यात टाकली. तड तड आवाज झाला. काळे पापुद्रे पाण्यात सुटले आणि चिमट्यात उरली ती गुलाबी पट्टी, नुकतीच जन्मल्यासारखी.

"थर आणि धातू थंड होताना सारखे आकसत नाहीत," बाई म्हणाल्या. "एकदम गार पाणी पडलं की थर तडकून सुटतो. त्याच्याबरोबर जुनं जे काही वर चढलेलं असेल तेही गेलं."

मी काडेपेटी परत घेतली आणि त्यांना मनापासून नमस्कार केला. आता मला चोर नको होता. मला आग हवी होती.

गावात परतलो ते थेट धाकटीच्या घरी गेलो. कॉन्स्टेबलबाई बरोबर होत्याच. म्हातारी देवळात होती. मी चटईवर बसलो आणि जबाबाचे कागद काढलेच नाहीत.

"ताई," मी म्हटलं, "मुखवटा तोच आहे, हे मला कळलंय. गाभाऱ्यात आग लागली होती, आणि तुम्ही पाणी ओतलं. आता फक्त दिवा कोणाच्या हातून पडला ते सांगा."

ती इतका वेळ ताठ बसली होती. ते ऐकलं आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली. कॉन्स्टेबलबाईंनी तिला जवळ घेतलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाळी कोणत्याही सुनेची असो, सकाळची आरती सासूची. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती कधी चुकवली नव्हती. डोळे गेले तरी सोडली नाही. श्रावणातल्या एका सकाळी धाकटी पाणी शेंदायला गेली होती, तेवढ्यात म्हातारीच्या हातातलं कापराचं ताट कललं. साडीनं पेट घेतला, सुके हार पेटले, आणि तेल पिऊन पिऊन तर्र झालेला तो जुना खुंट मुखवट्याच्या आतून धडाडून जळाला. धाकटीनं सासूला ओढून बाहेर बसवलं आणि आत जाऊन घागर रिकामी केली. मग राहिलेले काळे डाग चिंचेनं काढले, नवा खुंट बसवला, डोळे बसवून आणले आणि तोंड झाकेल एवढा मळवट भरला.

"आन् सासूबाईंना?"

"आत्याबाईला म्या सांगितलं, वात भडकली व्हती, झालं. त्यांला दिसत न्हाई साहेब. त्यांला काईच ठाव न्हाई."

"मग हे गावाला सांगायला काय हरकत होती? अपघात कोणाच्याही हातून होतो."

तिनं डोळे पुसले. "तुमाला आमचा नेम ठाव न्हाई. ज्याच्या हातून देवीला इजा व्हती, त्याचा हात बंद. आमच्या चुलतसासऱ्याचा केल्ता. मरंतोवर त्यांनी देवीला हात लावला न्हाई, उंबऱ्याभायर बसून राह्यचे. मपली माय म्या बघितली न्हाई साहेब. बाळंतपणात मला ह्यांनीच न्हाऊ घातलं, ह्यांनीच भरवलं. मला चोर म्हणा, चार दिवस गाव बोलल आन् ऱ्हाईल. पर आत्याबाईचा हात बंद झाला तर त्या जगायच्या न्हाईत."

कॉन्स्टेबलबाई भिंतीकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर माणसांनी चोरी नाकारली होती. न केलेली चोरी आपली म्हणून धरून बसणारी ही पहिलीच. मी तिला शब्द दिला, की आग लागली एवढंच सांगेन. हात कोणाचा, ते माझ्या तोंडून निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गाव बोलावलं. नुसतं सांगून कोणी मानणार नव्हतं. खाकीतल्या माणसानं विज्ञान सांगायला लागलं की लोकांना वाटतं ह्यानं काहीतरी खाल्लं. म्हणून मी थोरल्या भावालाच म्हटलं, तुमच्या घरातलं एखादं जुनं, काळं पडलेलं तांबं आणा. तो एक काठ फुटलेलं घंगाळ घेऊन आला. त्यात त्याच्या कोंबड्या पाणी प्यायच्या. कोंबड्या मागोमाग देवळापर्यंत आल्या, तेव्हा पहिल्यांदा गाव जरा हसलं.

घंगाळाचा एक तुकडा कापून घेतला. कोळशाची शेगडी फुलवली आणि थोरल्याच्याच हातात सांडशी दिली. तुकडा तापला, काळा होता त्याहून काळा झाला. "आता पाण्यात," मी म्हटलं. त्यानं बादलीत टाकला. तडतड झाली, पापुद्रे सुटून तळाशी बसले. त्यानं सांडशीनं तुकडा वर काढला आणि तो बघतच राहिला. गुलाबी, लख्ख. मग मी काडेपेटीतले पापुद्रे त्याच्या तळहातावर ठेवले आणि कुठे मिळाले ते सांगितलं. गाभारा उघडून मुखवटा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला, नाकाच्या आणि कानांच्या खोलगट जागी, जिथे चिंचेचं बोट पोचलं नव्हतं, तिथे जुना काळा थर चिकटून होता.

"म्हंजे आईनं कात टाकली व्हय," मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. थोरल्यानं मुखवटा छातीशी धरला. तो इतका मोठा माणूस, सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

माझ्या लेखी प्रकरण तिथेच संपलं होतं. पण गाव ते गावच.

"पर साहेब, आग लागली कशी?" कोणीतरी विचारलं.

"दिवा कलंडला," मी म्हटलं.

"कोणाच्या हातून?"

धाकटी पुढे सरकली. ती काय बोलणार ते मला दिसत होतं. आता ती तेही स्वतःवर घेणार होती. पण तिच्याआधी ओट्यावरून म्हातारी उठली. खांबाला धरून उभी राहिली.

"माझ्या हातून," ती म्हणाली.

"आत्याबाई!" धाकटी ओरडली. "तुमाला काय ठाव?"

"दिसत न्हाई मला. वास तर येतो का न्हाई? रेशीम जळाल्याचा वास मला कळत न्हाई व्हय?" म्हातारी तिच्या आवाजाच्या दिशेनं वळली. "तू सांगितलं वात भडकली, म्या म्हणलं बरं. तुला वाटू दिलं का मला काई कळलं न्हाई. तू मपल्यासाठी गप, मी तुझ्यासाठी गप. पर तुला चोर म्हणतेत, ते म्या किती दिस ऐकू? इतके दिस ऐकलं ते बी लई झालं."

सगळे थोरल्याकडे बघायला लागले, कारण पाळी आता त्याची होती आणि नेम लावायचा तर त्यानंच. त्याच्या हातात मुखवटा होता आणि समोर आई. "नेम हाय, आई," तो कसाबसा म्हणाला. त्याच्या बापानं स्वतःच्या सख्ख्या भावावर तो लावला होता. आईसाठी मोडला तर गावाला काय तोंड दाखवायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "म्हाईत हाय मला," म्हातारी म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

तेव्हा थोरली जाऊ उठली. मुखवटा बघून पहिली किंकाळी फोडणारी तीच होती, आणि तेव्हापासून ती धाकटीशी एक शब्दही बोललेली नव्हती. ती सरळ सासूकडे गेली, पदराखालून तिचा उजवा हात काढला आणि आपल्या हातात धरला.

"ह्यांचा हात बंद ना? ऱ्हाऊ द्या बंद," ती नवऱ्याला म्हणाली. "पाळी मपली हाय. उद्याच्यापून ताट मी धरीन, आन् ह्यांचा हात मपल्या हातात ऱ्हाईल. मपला हात तर कोणी बंद केला न्हाई? आन् डाव्या अंगाला ही उभी ऱ्हाईल." ही म्हणजे धाकटी. "पुन्यांदा कलंडलं, तर तिघींचे हात बंद करा एकदम."

थोरल्यानं सरपंचांकडे बघितलं. मग सरपंचांनी टोपी सारखी केली. "बराबर हाय," ते म्हणाले, आणि गाव उठलं.

अर्ज मागे घेतल्याचं थोरल्यानं लिहून दिलं. मी चौकशीत तक्रारीला आधार आढळला नाही असा शेरा मारून अर्ज दप्तरी दाखल केला. ठाण्यात असे किती कागद दाखल होतात. पण ह्या एका कागदानं माझी काम करायची पद्धत थोडी बदलली. तोवर मी धरून चालायचो, की लपवाछपवी दिसली म्हणजे तिच्या खाली गुन्हा असणार, आपण फक्त खरवडायचं. त्यानंतर खरवडण्याआधी मी थांबून विचारायला लागलो, की हा थर कोणाला सांभाळतोय. बहुतेक वेळा खाली गुन्हाच निघाला, खोटं कशाला सांगू. पण नेहमी नाही.

घटस्थापनेला मी बंदोबस्ताच्या निमित्तानं तिथेच गेलो. खरं तर निमित्त मीच काढलं होतं. गाभाऱ्यात तिघी उभ्या होत्या, एका ताटाला तिघींचे हात. आरती झाली. म्हातारीनं थोरलीचा हात न सोडता मला हाक मारली.

"साहेब, तुमी बघितली न्हवं देवी? कशी दिसती वो?"

"नव्या नवरीसारखी, आजी," मी म्हटलं.

"आस्सं व्हय," म्हातारी म्हणाली. "मंग रुळायला टाइम लागल तिला. नवी सून लगेच घरच्यावानी दिसत नसती. ह्या दोघीच घ्या, किती वर्सं लावली ह्यांनी."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. आणि दोघी तोंडाला पदर लावून, देवीसमोरच, पोट धरून हसल्या.